पहिल्या बाकावरचा खोकला

उमुओडू
८ नोव्हेंबर १९९२

उझोअमाका,

पाकिटावरचं अक्षर वडिलांचं नाही हे बघून काही विपरीत घडलं असं तुला वाटलं असेल. काही झालेलं नाही. तुझे वडील, आमचे मास्तर, बाहेर व्हरांड्यात बसून भुईमूग सोलतायत आणि रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याचं व्याकरण सुधारतायत. मी पत्र लिहितेय हे त्यांना माहीत नाही. टपालाचा भरवसा नाही म्हणून जोसच्या बसवरच्या ड्रायव्हरकडे देतेय.

मी न्वाकाएगो. आपण एकदाच भेटलो, तेही तू पाठ फिरवून निघून गेलीस त्याला भेट म्हणायचं असेल तर. तू मला पत्र लिहावंस अशी माझी अपेक्षा नाही. एवढंच विचारायला लिहितेय, की यंदा नाताळला येशील का?

दोन नाताळ झाले, तू आली नाहीस. गावाला तोंड असतं. डिसेंबर अर्धा सरला की लागोसच्या, कानोच्या, आबाच्या गाड्या धूळ उडवत यायला लागतात. ज्याच्या घरापुढे गाडी थांबत नाही त्याच्याकडे लोक चर्चमध्ये जरा जास्तच प्रेमाने बघतात. मास्तर फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. हॉर्न वाजला की तुमची गाडी समजून विचारतात, ‘‘प्यूजो आहे का गं?’’ गेल्या वर्षी मी प्रत्येक वेळी सांगितलं, ‘‘नाही, पाण्याचा टँकर.’’ शेवटी म्हणाले, ‘‘एवढं पाणी पितं तरी कोण या गावात?’’

आणखी एक. त्यांचा चष्मा ओवेरीला दुरुस्तीला दिलाय, त्यामुळे सध्या तुझी पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. तू सप्टेंबरमध्ये लिहिलं होतंस, ‘ती कापडवाली बोलायला लागली की कुणीतरी अंगणात चटई झोडपतंय असं वाटतं.’ तेही वाचलं. आवाज न बदलता वाचलं. मास्तर म्हणाले, ‘‘वाक्य बांधेसूद आहे. मीच शिकवलंय.’’ मला हसू आलं. मग त्यांनाही.

तुझ्या आईच्या कापडांबद्दल तू जे ऐकलंयस, ते मी बाजारात विकली म्हणून, त्यावर मी वाद घालणार नाही. विकली नाहीत, एवढंच.

ये. सोम्तोला घेऊन ये. नात सहा वर्षांची झाली आणि दोन वर्षं आजोबांनी तिचा फक्त फोटो हातात धरलाय.

तुझ्या वडिलांची बायको,
न्वाकाएगो


उमुओडू
६ डिसेंबर १९९२

उझोअमाका,

तू मला उत्तर दिलं नाहीस, वडिलांना दिलंस. बरोबरच आहे. ‘ती बाई त्या घरात आहे तोवर मी उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.’ हेही मीच वाचलं. वाचताना ‘ती बाई’ या शब्दांवर अडखळले नाही. मास्तर म्हणाले, ‘‘मग राहू दे तिला जोसला,’’ आणि भुईमुगाची टोपली दूर सारली. त्या दिवशी जेवले नाहीत. मी कडू पानांचा रस्सा केला होता, त्यांच्या आवडीचा, मागच्या शेतातल्या कंदाबरोबर. तसाच राहिला.

आता मला त्यांचा शब्द मोडावा लागणार. चष्मा दुरुस्तीला वगैरे दिलेला नाही. चष्मा कपाटात आहे. त्याचा उपयोग नाही. तुझ्या वडिलांना दिसत नाही, उझोअमाका. उजेड कळतो, माणूस पुढे आलं तर सावली कळते. बास. लग्न झालं तेव्हा धुकं आहे म्हणायचे. यंदाच्या पावसाळ्यात धुक्याची भिंत झाली. ‘‘तिला कळवलंस तर बघ,’’ असं मला बजावलं आहे. ‘‘ती येईल तर बापाकडे येऊ दे, आंधळ्याकडे नको.’’ गावालाही कळू दिलेलं नाही. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, त्या गावाने आपला हात धरून रस्ता ओलांडवावा हे त्यांना सोसायचं नाही.

ऑपरेशनने बरं होतं म्हणतात. माझ्या बोलण्याने ते ऐकत नाहीत. तुझ्या बोलण्याने ऐकतील.

म्हणून असं ठरवलंय. तेवीस तारखेला मी माझ्या भावाकडे अमाफियाला जाते. भाऊ आजारी आहे असं सांगेन. तो बैलासारखा धडधाकट आहे, पण त्याला मी तयार केलंय. तू नाताळला घरी ये. उंबऱ्यात तुला मी दिसणार नाही.

घरातलं सांगून ठेवते. बोकड मागच्या आंब्याला बांधलाय. तांदूळ निवडून ठेवलाय, तुझ्या आईच्या मोठ्या पातेल्यात कर, ते वरच्या फळीवर आहे, मी ते वापरत नाही. चिन-चिनचे गोड तुकडे तळून डब्यात भरलेत, पोरं सकाळपासून नवे बूट घालून दारात येतील, प्रत्येकाला मूठभर दे. व्हरांड्याच्या पायरीपाशी काही ठेवू नकोस, बादलीसुद्धा नाही. जेवताना मांस ताटात कुठे आहे ते बोलता बोलता सांगायचं, ‘हा डावीकडचा तुकडा बघा किती मऊ शिजलाय,’ असं. हात धरायचा नाही. फक्त त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि बोलत राहायचं. माझा आवाज चटईसारखा असला तरी त्या कामाला बरा पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये दर वर्षीसारखं शास्त्रवाचन तेच करतात. पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले नाहीत. तो उतारा त्यांना तोंडपाठ आहे, फक्त पान उलटायचं कुठे ते कळत नाही. गेल्या वर्षी एकदम तीन पानं उलटली. म्हणून पहिल्या बाकावर बस. ‘मेंढपाळ’ हा शब्द आला की खोक. मोठ्याने नाही, घसा साफ केल्यासारखं. ते पान उलटतील.

सोम्तोसाठी गुलाबी फ्रॉक शिवून ठेवलाय. माप अंदाजाने घेतलंय. लहान झाला तर शिवण उसवता येईल.

न्वाकाएगो


अमाफिया
२४ डिसेंबर १९९२

उझोअमाका,

हे पत्र पाठवायचं कुठे ते मला कळत नाही. तू आता माझ्याच घरात आहेस. तरी लिहिते. हाताला काम नाही.

दुपारी आमच्या बाजारातली एक बाई मुद्दाम सांगायला आली, की जोसच्या नंबरची गाडी उमुओडूच्या वळणावर बघितली, टपावर बटाट्यांची पोती होती. मी म्हटलं, ‘‘प्यूजो होती का?’’ ती म्हणाली, ‘‘मला काय ठाऊक, चार चाकं होती.’’ म्हणजे मास्तर फाटकापाशी बसले असतील तर त्यांनी हॉर्न ऐकला असेल.

भावाच्या घरी गर्दी आहे. पोरं अंगणात फटाके उडवतायत, वहिनी कोंबड्या साफ करतेय. मला कशाला हात लावू देत नाही, पाहुणी म्हणून. नवऱ्याचं घर सोडून नाताळला भावाकडे आलेली बाई म्हणजे काय ते तिला कळतं, म्हणून विचारत नाही. न विचारण्याचा त्रास विचारण्याहून जास्त होतो.

वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याची धूळ यंदा लवकर आली. ओठ फुटलेत. मास्तरांच्या खोलीत उशाशी खोबरेल आहे, ते टाचांना लावायची आठवण कर. स्वतःहून लावत नाहीत.

बाकी ठीक.


उमुओडू
१७ जानेवारी १९९३

उझोअमाका,

तुम्ही सुखरूप पोचलात हे ड्रायव्हरने सांगितलं. घर मोठं झालंय एकदम. मी रेडिओ लावून ठेवते, पण बातमीदाराला सुधारायला कुणी नाही.

जाताना तू गाडीत बसल्यावर खिडकीतून विचारलंस, ‘‘तुम्ही तेव्हा परत का आलात? मी तर बोलावलं नव्हतं.’’ मी उत्तर दिलं नाही, तुझ्या नवऱ्याने, लाझारसने, गाडी सुरू केली होती. आता देते. मला म्गबाफो आत्यांनी आणलं. कसं ते तुला माहीत नाही.

नाताळच्या दिवशी मी भावाच्या अंगणात भात खात होते. चर्च सुटून बराच वेळ झाला होता, सोंगं निघाली होती. एक उंच सोंग गवताचा घागरा घुमवत पोरांच्या मागे धावत होतं, आणि त्या गोंधळातून एक भाड्याची मोटरसायकल आली. मागे तुझ्या आत्या. सत्तरीच्या बाईने मोटरसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसायचं, एका हाताने काठी आडवी धरायची, दुसऱ्या हाताने चालवणाऱ्याच्या शर्टाची कॉलर. सोंगाला म्हणाल्या, ‘‘हो बाजूला, घाणेरड्या, मला घाई आहे.’’ सोंग हललं बाजूला.

नेसल्या होत्या लाल जरीचं जॉर्जचं भारी कापड.

ते तूही चर्चमध्ये बघितलं असशील. तुझ्या आईचं. तिच्या पश्चात या घराण्याच्या माहेरवाशिणींनी कपडे वाटून घेतले, रीतीप्रमाणे, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं आत्यांनी घेतलं. मग तू जोसहून विचारलंस, आईचं लाल जॉर्ज कुठे, तेव्हा आत्यांना सांगायला धीर झाला नाही. कुणीतरी म्हणालं, कापडवालीने विकलं असेल. आत्यांनी ते तसंच राहू दिलं. मला माहीत होतं. आमच्या बाजारात कुठलं कापड कुणाच्या अंगावर आहे ते मला कळणार नाही तर कुणाला? पण म्हाताऱ्या नणंदेला चोर म्हणून मी त्या घरात कुठे राहणार होते?

‘‘ऊठ,’’ आत्या म्हणाल्या.

‘‘जेवतेय.’’

‘‘ते ताट घेऊन ऊठ. मला तू आवडत नाहीस हे मी सगळ्या गावाला सांगितलंय. जा असं कधी सांगितलं का? मला, या घरच्या लेकीला, न विचारता घर सोडून जायचा अधिकार तुला दिला कुणी? तिकडे त्या पोरीने भात करपवलाय, मीठ दोनदा टाकलंय, भाऊबंद उद्या बैठकीला यायचेत आणि मास्तर बोकड कापू देत नाही. म्हणतो, घरची बाई आल्याशिवाय कापायचा नाही.’’

मग चर्चमधलं सांगितलं. म्हणाल्या, मास्तर उभा राहिला, आवाज खणखणीत. ‘मेंढपाळ’ आला आणि तू खोकलीस. पान उलटलं. पण मग तुझा खोकला थांबेना. पुढच्या ओळीला खोकलीस, त्याच्या पुढच्या ओळीला खोकलीस, डोळ्यांतून पाणी, आणि मास्तर प्रत्येक खोकल्याला एकेक पान उलटत गेला. मेंढपाळ गोठ्यापाशी पोचले तेव्हा बायबल पार शेवटच्या प्रकटीकरणापाशी आलं होतं. शेवटी त्यांनी ते मिटलं. काखेत घेतलं. आणि उरलेलं तसंच म्हणून दाखवलं, समोर बघत. चर्चमध्ये लहान पोरसुद्धा रडलं नाही म्हणे. हे खरं का गं? आत्या जरा वाढवून सांगतात.

‘‘गावाला कळलं?’’ मी विचारलं.

आत्या म्हणाल्या, ‘‘गावाला गेल्या वर्षीच कळलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून गप्प होतं. गाव काय तेवढं वाईट नाही.’’

त्या दोन माणसांच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं आलो. वाटेत त्या माझ्या पाठीत म्हणाल्या, ‘‘हे कापड मी तिला देणार आहे. आज फक्त घालून बघितलं.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला शोभतं.’’ म्हणाल्या, ‘‘ते मला माहीत आहे.’’

पुढचं तुझ्यासमोरच झालं. पण मी दारात आले तेव्हा मला काय दिसलं ते सांगते, कारण तुझी माझ्याकडे पाठ होती. तू स्वयंपाकघरात आईच्या पातेल्यात हात घालून करपलेला भात खरवडत होतीस, केसांना अजून चर्चचा रुमाल, आणि सोम्तो गुलाबी फ्रॉक घालून पाटावर बसून चिन-चिन खात होती. फ्रॉक बरोबर बसला होता. मला तेवढंच दिसलं आधी.

तू वळून म्हणालीस, ‘‘दोन वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत. दोन वर्षं! माझी सगळी पत्रं तुम्ही वाचलीत?’’

‘‘वाचली.’’

‘‘ते चटईचं?’’

‘‘ते तर दोनदा. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.’’

‘‘आणि जूनमधलं?’’

जूनमधलं काय होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे. सोम्तो ऐकत होती म्हणून मी फक्त म्हटलं, ‘‘त्यातला सरडा मला पटला नाही. बाकी ठीक होतं.’’ तू तोंडावर हात घेतलास. मला वाटलं रडतेस. हसत होतीस. मग दोन्ही झालं. मी तुझ्या हातातून पळी घेतली, कारण वरचा भात अजून वाचवता आला असता, आणि वाचवला.

बाहेरून मास्तर ओरडले, ‘‘आत काय चाललंय? मला बनवण्यासाठी एकेकटी पुरत होती, आता दोघी एकत्र झाल्यात का?’’

बोकड कापला. माहेरवाशिणींचा वाटा आत्यांनी तुझ्या हातात ठेवला, जॉर्जच्या घडीसकट. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांनी बैठकीच्या मानाचं कोला फळ फोडलं तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की पोरगी मला जोसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ते नेतेयस हे मला मास्तरांच्या तोंडून, भाऊबंदांबरोबरच कळलं. तू विसरली असशील. गाडीत जागा नव्हती हेही खरंच आहे. मी पत्रात तक्रार करायला बसलेली नाही. आत्तापर्यंत मीच तुला ये ये म्हणून लिहीत होते, आता येऊन तू त्यांना घेऊन गेलीस, यात चूक कुणाचीच नाही. पण घर मोठं झालंय हे वर लिहिलंय ते त्यामुळे.

ऑपरेशनची तारीख कळव. मी उपास करेन.

न्वाकाएगो

ता. क. एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. मास्तरांनी मला कधी नीट बघितलेलं नाही. लग्नाच्या दिवशीही मी त्यांच्यासाठी पिवळ्या कापडातली एक आकृती होते, ते स्वतः म्हणाले होते. तुझ्या आईचा फोटो बैठकीत आहे, गावात तिच्यासारखी देखणी बाई झाली नाही हे मला मान्य आहे. माझे पुढचे दात मोठे आहेत आणि हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे. त्यांना याबद्दल काही सांगू नकोस. सांगायचंच असेल तर आधीच सांगून टाक. तुला जे बरं वाटेल ते.


उमुओडू
१३ एप्रिल १९९३

प्रिय उझोअमाका,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मला लिहिलेली. मी ती मोठ्याने वाचली नाहीत, स्वतःशी वाचली, आणि ती मजाच निराळी असते हे पहिल्यांदा कळलं.

मास्तर सुखरूप आले. उजवा डोळा डॉक्टर म्हणाले तसा स्वच्छ आहे. डाव्याचं पुढच्या वर्षी बघू. घरात शिरल्यावर पहिलं वाक्य, ‘‘ही भिंत निळी कुणी केली? मी इतके दिवस निळ्या भिंतीत राहत होतो?’’ ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये शेजारच्या बाकावरच्या माणसाला म्हणाले, तू म्हातारा झालास. तो नाराज झाला. आत्यांना म्हणाले, तू नाही झालीस. आत्या तेव्हापासून त्यांना रोज अंडी पाठवतायत.

तू विचारलंयस, ओवेरीच्या बसस्टँडवर काय झालं. त्यांनी तुला पत्रात सांगितलं नाही, म्हणून मी सांगायचं. बरं.

मी ठरवलं होतं, बस दिसली की लांबूनच हाक मारायची, म्हणजे आवाजाने ओळखतील आणि चेहऱ्याचं नंतर बघता येईल. पण बस आली आणि मी हाक मारलीच नाही. ते एकटे उतरले. कुणाचा खांदा नाही, काठी नाही, हातात पिशवी. उतरून उभे राहिले आणि एकेका माणसाकडे बघायला लागले, वर्गात हजेरी घेतात तसे. मी एका पाववालीच्या शेजारी उभी होते. तरुण, उजळ, गालाला खळ्या. मास्तर सरळ तिच्यापुढे जाऊन थांबले आणि म्हणाले, ‘‘न्वाकाएगो, तू बारीक झालीस.’’

पाववाली म्हणाली, ‘‘बाबा, पाव हवा असेल तर बोला. बायको हवी असेल तर रांग पलीकडे.’’

मला हसू फुटलं. आवरेनाच. आणि ते हसणं ऐकून ते वळले.

आमच्यात फार अंतर नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. कपाळ बघितलं, दात बघितले, मी हसतच होते त्यामुळे सगळेच दिसत होते. हनुवटीपाशी नजर थांबली. मी हात वर नेला झाकायला, तर त्यांनी तो धरून खाली घेतला. मागे बसवाला हॉर्न देत होता, हमाल शिव्या देत होते, वाटेत उभे आहात म्हणून.

मी म्हटलं, ‘‘मास्तर, चला आता. लोक बघतायत.’’

म्हणाले, ‘‘बघू दे. माझं अजून बघून व्हायचंय.’’

न्वाकाएगो